संकेतस्थळावरील चित्रें कां दिसत नाहींत?

शाळेच्या वार्षिक अंकांत छायाचित्र छापावयाचें म्हणजे पूर्वीं प्रथम त्याचा धातूचा ठसा करून आणावा लागे. खिळे जुळविणारा कारागीर तो ठसा मजकुराच्या शेजारीं बसवी व दोन्ही एकाच लोखंडी चौकटींत आवळून टाकी. मग शाई लावून कागद दाबला कीं मजकूर आणि चित्र एकाच वेळीं उमटत. मजकूर वाचकाच्या हातीं पडला आणि चित्र छापखान्यांतच राहिलें, असें घडणें शक्य नव्हतें. आज आपल्या शाळेचीं छायाचित्रें संकेतस्थळावरहि प्रसिद्ध होतात, आणि तेथें मात्र असें वारंवार घडतें. तें कां घडतें व कसें टाळावें, हें विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सोप्या शब्दांत सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

हा विषय निवडण्यास एक प्रसंग कारण झाला. सन २०२३ च्या जून महिन्यांत आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या कन्येचें परदेशांतून पत्र आलें. तिचे वडील थोड्याच दिवसांपूर्वीं प्रभूच्या घरीं गेले होते. त्यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या प्रार्थनासभेंत त्यांच्या शाळेच्या दिवसांचें एखादें छायाचित्र दाखवावें, अशी तिची इच्छा होती. त्यांच्या वर्गाचें छायाचित्र संकेतस्थळावर आहे असें कळल्यावरून तिनें तें पान उघडलें. वर्ष होतें, इयत्ता होती, वर्गशिक्षकांचें नांव होतें. पण चित्राच्या जागीं रिकामी चौकट व तिच्या कोपऱ्यांत फाटलेल्या कागदाची एक लहानशी खूण, एवढेंच तिला दिसलें. पत्र वाचून मीं आपल्या संगणकावर तें पान उघडलें. चित्र अगदीं स्वच्छ दिसत होतें. ‘येथें सर्व ठीक आहे, आपल्या यंत्रांत कांहीं दोष असावा,’ असें मीं उत्तर धाडलें. दोष माझ्याच कामांत होता, हें दोन दिवसांनीं ध्यानांत आलें. परंतु तोंवर प्रार्थनासभा होऊन गेली होती. त्यानंतर मीं ह्या विषयाचा जो थोडाबहुत अभ्यास केला, तो पुढें मांडीत आहें.

चित्र पानावर नसतें

मुळांत एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडिली. आरंभींचीं पानें मुख्यत्वें मजकुराचींच असत. मजकुराच्या मध्येंच चित्र दाखवितां यावें म्हणून एक विशेष खूण ठरवावी, अशी सूचना मार्क अँड्रीसन ह्यांनीं १९९३ च्या फेब्रुवारींत केली, आणि त्याच वर्षीं निघालेल्या मोझेइक नांवाच्या ब्राउझरनें ती लोकप्रिय केली. पानें उघडून दाखविणाऱ्या प्रोग्रामास ब्राउझर म्हणतात. ती खूण आजहि तशीच चालू आहे. तिच्यांत चित्र नसतें; चित्र कोठें ठेविलें आहे त्याचा केवळ पत्ता असतो.

तुम्ही एखादें पान उघडतां तेव्हां ब्राउझर प्रथम त्याचा मजकूर मागवून घेतो. तो वाचतां वाचतां चित्राचा पत्ता लागला कीं त्या पत्त्यावर तो दुसरें मागणें पाठवितो. पानावर वीस चित्रें असलीं तर वीस निरनिराळीं मागणीं जातात. पानें व चित्रें सांभाळून ठेवणारें जें दूरचें यंत्र, त्यास सर्व्हर म्हणतात. सर्व्हर त्या मागणीला उत्तर देतो, ब्राउझर आलेलें चित्र उलगडतो आणि मग तें पानावर बसवितो.

ह्यावरून चित्राच्या प्रवासाचे चार टप्पे होतात. पत्ता बरोबर असला पाहिजे. सर्व्हरनें चित्र दिलें पाहिजे. ब्राउझरास तें उलगडतां आलें पाहिजे. आणि शेवटीं तें पानावर नीट बसलें पाहिजे. चित्र बिघडलें कीं ‘इंटरनेट खराब आहे’ असें म्हणून पुष्कळ लोक मोकळे होतात. त्यापेक्षां ह्या चारांपैकीं कोणत्या टप्प्यावर अडलें तें शोधावें, म्हणजे अर्धें काम होतें.

शोधण्याची रीत सोपी आहे. रिकाम्या चौकटीवर माऊसची उजवी कळ दाबावी, किंवा मोबाईल असेल तर बोट थोडा वेळ टेकवून धरावें. चित्र निराळ्या पानावर उघडण्याचा पर्याय बहुधा तेथें मिळतो. तो निवडल्यावर काय दिसतें तें पाहावें. ४०४ हा आंकडा आला तर त्या पत्त्यावर कांहीं सांपडलें नाहीं असा अर्थ. ४०३ आला तर वस्तु देण्यास सर्व्हरनें नकार दिला असा अर्थ. ५०० किंवा त्यापुढील पांचशेंच्या घरांतला आंकडा आला तर दोष सर्व्हरच्याच कारभारांत आहे. आणि चित्र तेथें नीट उघडलें, तर चित्र निर्दोष असून दोष मूळ पानांत आहे असें समजावें.

पहिला टप्पा : पत्ता

माझी चूक ह्याच टप्प्यावरची होती. कॅमेऱ्यानें छायाचित्राच्या फाइलीस नांव देतांना शेवटचीं तीन रोमन अक्षरें मोठ्या वळणाचीं घातलीं होतीं. पानावर पत्ता लिहितांना मीं तीं लहान वळणाचीं लिहिलीं. माझ्या संगणकावर विंडोज ही प्रणाली आहे. ती फाइलीच्या नांवांत मोठें अक्षर व लहान अक्षर असा भेद सहसा मानीत नाहीं. परंतु आपल्या शाळेचें संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे तेथें लिनक्स प्रणाली चालते, आणि तिच्या लेखीं तीं दोन निराळीं नांवें होत. म्हणून तिनें ४०४ असें उत्तर दिलें. मग मला चित्र कसें दिसलें? मीं उघडलेलें पान संकेतस्थळावरचें नव्हतेंच! संकेतस्थळावर चढविण्यापूर्वीं तयार केलेली जी प्रत माझ्या संगणकांत होती, तीच मीं पुन्हां उघडून पाहिली होती. ज्या पत्त्याबद्दल तक्रार होती तो पत्ता मीं एकदांहि तपासला नाहीं.

पत्त्याचे दोष आणखीहि आहेत. फाइलीच्या नांवांत रिकामी जागा सोडली तर पत्त्यांत ती तशी लिहितां येत नाहीं. तिच्याऐवजीं टक्क्याचें चिन्ह व २० हा आंकडा येतो. देवनागरी नांवाचें तर फारच लांब रूप होतें. पत्त्यांत एकेका देवनागरी चिन्हासाठीं नऊ रोमन चिन्हें खर्ची पडतात. म्हणजे चार चिन्हांच्या ‘शाळा’ ह्या चिमुकल्या शब्दाचीं छत्तीस होतात. असा पत्ता चालतो खरा, पण तो हातानें लिहितांना वा पत्रांतून पाठवितांना एखादें चिन्ह गळण्याची भीति असते. कित्येकदां तर चित्राचा पत्ता म्हणून स्वतःच्याच संगणकांतील कप्प्याचा पत्ता लिहिला जातो. ‘माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणांत’ असा पत्ता लिहून टपाल टाकण्यासारखेंच तें आहे.

ह्या सर्वांवर एकच उपाय पुरतो. फाइलीचें नांव लहान रोमन अक्षरें, आंकडे व आडवी जोडरेघ एवढ्यांतच ठेवावें, तें अर्थपूर्ण असावें, आणि पत्ता हातानें न लिहितां मूळ जागेवरून उतरवून चिकटवावा.

दुसरा टप्पा : सर्व्हरची अनुमति

पत्ता बरोबर असूनहि सर्व्हर चित्र देत नाहीं, असें पुष्कळदां होतें. कोणी आपलीं छायाचित्रें इंटरनेटवरील खाजगी सांठ्यांत ठेवितात व तेथला पत्ता पानावर देतात. त्या सांठ्याचें दार त्यांच्या स्वतःसाठीं उघडें असल्यामुळें त्यांना चित्र दिसतें. इतरांस मात्र तें दार बंद असतें. येथेंहि पुन्हां तोच भ्रम होतो कीं मला दिसतें म्हणजे सर्वांस दिसतें.

कोणी दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील चित्राचा पत्ता परस्पर आपल्या पानावर लावितात. मूळ मालकानें तें चित्र काढलें, बदललें किंवा बाहेरच्यांस बंद केलें कीं आपल्या पानाला भोंक पडतें. शिवाय, विचारल्यावांचून दुसऱ्याची वस्तु घेणें हें योग्यहि नव्हे. अनुमति मागावी, मिळाल्यास चित्र आपल्या सर्व्हरवर ठेवावें व कर्त्याचें नांव द्यावें.

तिसरें एक कारण नव्या सुरक्षेच्या नियमांमुळें उद्भवतें. आपल्या पानाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ ह्या सुरक्षित पद्धतीचा असून त्यांतील चित्राचा पत्ता मात्र शेवटचा ‘एस’ नसलेल्या जुन्या पद्धतीचा राहिला असेल, तर बहुतेक ब्राउझर तो पत्ता सुरक्षित करून पाहतात आणि तसें चित्र न मिळाल्यास तें दाखवीतच नाहींत. जुनीं पानें नव्या जागीं हलवितांना हे पत्ते एकदां डोळ्यांखालून घालावेत.

तिसरा टप्पा : चित्राची जात

चित्रें सांठविण्याच्या पद्धति अनेक आहेत. जीआयएफ ही १९८७ सालची. तिच्या एका चित्रांत २५६ हून अधिक रंग बसत नाहींत. जेपीईजी हें प्रमाण १९९२ सालीं ठरलें. तें छायाचित्रांस उत्तम. पीएनजी १९९६ सालची असून रेघा, अक्षरें व शाळेचें बोधचिन्ह अशा स्पष्ट कडांच्या चित्रांस ती अधिक चांगली. वेबपी २०१० सालीं पुढें आली. ह्या चारी जाती आजच्या ब्राउझरांस उलगडतां येतात.

परंतु ॲपलच्या फोनांत २०१७ पासून छायाचित्रें एचईआयसी नांवाच्या निराळ्याच जातीचीं निघूं लागलीं. तीं जागा कमी घेतात, पण अनेक ब्राउझर तीं दाखवूं शकत नाहींत. मग फोन बाळगणाऱ्यास चित्र दिसतें आणि इतरांस रिकामी चौकट. अशा वेळीं कांहीं विद्यार्थी फाइलीचें शेवटचें नांव तेवढें बदलून जेपीजी असें करितात. डब्यावरची चिठ्ठी बदलल्यानें आंतील पीठ कांहीं साखर होत नाहीं. चित्र एखाद्या योग्य प्रोग्राममध्यें उघडून, ‘जेपीईजी म्हणून जतन करा’ असें सांगून त्याचें खरेंखुरें रूपांतर केलें पाहिजे.

छापखान्याकडून परत आलेल्या चित्रांचें रंगहि कधीं कधीं विचित्र दिसतात. छपाईचें चित्र निळी, किरमिजी, पिवळी व काळी ह्या चार शाईंच्या हिशेबानें केलेलें असतें; पडद्यावरचें चित्र तांबडा, हिरवा व निळा ह्या तीन प्रकाशांच्या हिशेबानें. रूपांतर करितांना पडद्याची रंगपद्धति निवडली म्हणजे दोष जातो. आणि चित्राचा वरचा भाग दिसून खालचा करडा राहिला, तर फाइल सर्व्हरवर चढतांना मध्येंच तुटली असण्याचा संभव असतो. ती पुन्हां चढवावी.

चौथा टप्पा : पानावरची बैठक

चित्र आलें, उलगडलेंहि, पण फार उशीरां आलें, ही तक्रार खेड्यांतील पालक नेहमीं करितात. तिचें गणित पाहूं. हल्लींचा साधा फोन ४००० रुंद व ३००० उंच ठिपक्यांचें, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख ठिपक्यांचें छायाचित्र काढतो. पानावर दाखविण्यास १२०० रुंद व ९०० उंच ठिपके बहुधा पुरतात. ते झाले १० लाख ८० हजार. म्हणजे सुमारें अकरापट ओझें आपण विनाकारण धाडतों. मूळ फाइल ४ मेगाबाइटांची असेल आणि गांवांत सेकंदाला एक मेगाबिट एवढाच वेग असेल, तर एका चित्रास ३२ सेकंद लागतात; वीस चित्रांच्या पानास दहा मिनिटांहून अधिक. तेंच चित्र लहान करून २०० किलोबाइटांवर आणलें तर वीसहि चित्रें मिळून सुमारें ३२ सेकंदांत पोहोंचतात. चित्र चढविण्यापूर्वीं लहान करणें हें ज्याच्या घरीं वेग कमी आहे व पैसे मोजून इंटरनेट घ्यावें लागतें, त्याच्यावरचें ओझें हलकें करणें आहे.

माणसें लांबट किंवा बसकीं दिसलीं तर रुंदी व उंची ह्यांचें मूळ प्रमाण मोडलें असें समजावें. एक माप द्यावें आणि दुसरें प्रमाणानें ठरूं द्यावें. चित्र आडवें पडलें तर फोननें तें प्रत्यक्ष न फिरवितां ‘हें फिरवून दाखवा’ अशी केवळ टीप फाइलींत लिहिली असते, आणि जुने प्रोग्राम ती वाचीत नाहींत. चित्र स्वतः फिरवून पुन्हां जतन करावें. अंधुक दिसलें तर तें निरोपांच्या देवघेवींतून आलेलें लहान चित्र ताणून मोठें केलें असण्याचा संभव फार. गेलेले ठिपके ताणून परत येत नाहींत. मूळ फाइलच मागवावी.

एक दोष मात्र पालकांस विशेष जाचक होतो. चित्र बदललें तरी जुनेंच दिसत राहतें. ब्राउझर एकदां आणलेलें चित्र आपल्या कोठारांत ठेवितो व त्याच नांवाचें चित्र पुन्हां हवें असल्यास कोठारांतूनच काढून देतो. परीक्षेच्या वेळापत्रकाचें चित्र आपण त्याच नांवानें बदललें, तर एखाद्या घरीं जुनें वेळापत्रक दिसून मुलगा चुकीच्या विषयाचा अभ्यास करून येईल. संगणकावर कंट्रोल व शिफ्ट ह्या कळांसह आर ही कळ दाबली म्हणजे बहुतेक ब्राउझर कोठार सोडून नवें पान आणतात. पण प्रत्येक पालकाला ही युक्ति ठाऊक असावी अशी अपेक्षा करणें बरोबर नाहीं. बदललेल्या चित्रास नवें नांव द्यावें. त्याहून उत्तम म्हणजे वेळापत्रक चित्ररूपानें न देतां मजकुरानेंच द्यावें.

ज्यांस चित्र दिसणारच नाहीं

आपल्या वाचकांत अंध बंधुभगिनीहि आहेत. पानावरचा मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारे प्रोग्राम त्यांच्या उपयोगी पडतात. ऑस्ट्रेलियांत मायकेल करन ह्यांनीं २००६ सालीं आरंभिलेला एनव्हीडीए त्यांपैकींच एक असून तो विनामूल्य मिळतो. परंतु असा प्रोग्राम चित्राविषयीं कांहीं सांगेल तो आपण लिहून ठेविलें असेल तरच. चित्राच्या खुणेंत पत्त्याबरोबर ‘पर्यायी मजकूर’ लिहिण्याची सोय असते. तेथें ‘फोटो १’ असें न लिहितां, चित्रांत कोण आहेत, कोठें आहेत व काय करीत आहेत, तें एकदोन वाक्यांत लिहावें.

हाच मजकूर, चित्र कांहीं कारणानें आलें नाहीं तर, रिकाम्या चौकटींतहि उमटतो. त्या कन्येनें पान उघडलें तेव्हां माझी पत्त्याची चूक होतीच. पण मीं पर्यायी मजकुरांत रांगेनें नांवें लिहिलीं असतीं तर निदान वडिलांचें नांव तरी तिनें तेथें वाचलें असतें. मीं ती जागा कोरी सोडली होती.

पालकांसाठीं आणखी एक सूचना. फोन पुष्कळदां छायाचित्राच्या फाइलींत तें कोठें काढलें त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांशहि लिहून ठेवितो. पडद्यावर ते दिसत नाहींत, पण ज्याला वाचतां येतात त्यास ते मुलाचें घर दाखवूं शकतात. मुलांचें चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वीं पालकांची अनुमति घ्यावी आणि ही नोंद पुसून टाकावी.

शेवटचें सांगणें

दुरुस्ती करितांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व लगेच पाहावें. चार गोष्टी एकदम बदलल्या तर चित्र आलें तरी कशानें आलें तें कळत नाहीं, आणि तीच चूक पुन्हां होते. शेवटची तपासणी आपल्या यंत्रावर करूं नये. आपण कोणी परके आहों अशा रीतीनें दुसऱ्याच्या फोनवर, शाळेच्या बाहेरील इंटरनेटवर करावी.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत प्रभु येशूनें एका स्त्रीचा दृष्टांत सांगितला आहे. तिच्या दहा नाण्यांपैकीं एक हरवलें. नऊ आहेत ना, मग एकाचें काय, असें ती म्हणाली नाहीं. तिनें दिवा लावला, घर झाडलें आणि नाणें हातीं लागेपर्यंत शोध थांबविला नाहीं. शंभर वाचकांपैकीं नव्याण्णवांस चित्र दिसत असेल व एकास दिसत नसेल, तर त्या एकाचें पत्र आपण कसें वाचतों, ह्यावर आपल्या कामाची खरी परीक्षा होते. ‘आपल्या यंत्रांत दोष असावा’ हें वाक्य मीं दिवा न लावतांच लिहिलें होतें.

दुरुस्ती झाल्यावर मीं त्या कन्येस क्षमा मागणारें पत्र लिहिलें व छायाचित्राची मूळ मोठी फाइल सोबत पाठविली. तिचें उत्तर आलें कीं दुसऱ्या रांगेंत डावीकडून चौथे तिचे वडील आहेत, आणि त्यांच्या शेजारचा मुलगा म्हणजे तिचे काका. आम्हांस त्या दोघांचींहि नांवें ठाऊक नव्हतीं. आतां तीं पर्यायी मजकुरांत लिहिलेलीं आहेत. तेव्हांपासून नवें छायाचित्र चढविलें कीं नववीचे दोन विद्यार्थी घरीं आपल्या पालकांच्या फोनवर तें उघडून पाहतात व दुसऱ्या दिवशीं सकाळीं मला सांगतात. ह्या अंकांतील छायाचित्रेंहि संकेतस्थळावर ठेविलीं जातील. तीं कोणास दिसलीं नाहींत तर त्यांनीं अवश्य कळवावें. ह्या वेळीं आधीं आम्ही आपलें घर झाडून पाहूं.